नाशिकच्या कट्ट्यावर पोरांशी येशूबद्दल बोलायचंय? नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

मंडळीच्या युवक संघातून पहिल्यांदाच बाहेर पडून कॉलेजच्या पोरापोरींशी विश्वासाबद्दल बोलायचं ठरवलंय अशांसाठी हे लिहितोय. पोरं म्हणजे साधारण पंधरा ते एकोणीस वयाची, अकरावी-बारावीवाली, डिप्लोमावाली, फर्स्ट इयरची, आणि त्यातही ती जी देव मानतच नाहीत किंवा मानतात पण आपण येशूचं नाव काढलं की भुवई वर जाते. मला ही पोरं फार आवडतात. त्यांना गुळगुळीत बोलणं लगेच कळतं, ती तोंडावर विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे आपलाच विश्वास तपासून निघतो. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: त्यांचा प्रश्न आपल्या उत्तरापेक्षा मोठा माना, आणि जे खरं आहे ते सगळं सांगा, आपल्याला अडचणीचं असलं तरी सांगा.

आधी घरी करायची तयारी

स्वतःची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ती गोष्ट, तीन मिनिटांत सांगता येते का बघा. चर्चमध्ये सांगतो तशी नाही, तिथे सगळे आपलेच असतात आणि अर्ध्या वाक्याला आमेन म्हणतात. घरातल्या एखाद्या भाच्याला किंवा शेजारच्या पोराला समोर बसवा, मोबाईल त्याच्या हातात राहू द्या, आणि सांगा की तुम्ही येशूवर विश्वास का ठेवता. तो मध्येच स्क्रोल करायला लागला तर तिथलं वाक्य बदला. "प्रभूने मला अंधारातून काढलं" असं म्हणण्यापेक्षा नोकरी गेली तेव्हा रात्री काय वाटायचं, प्रार्थना करताना काय झालं आणि काय नाही झालं, ते सरळ सांगा.

दुसरं म्हणजे बायबलमध्ये येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमानं आहेत, त्यातलं निदान एक सलग वाचून काढा, मार्क सगळ्यात छोटं आहे, दीड-दोन तासात होतं. पोरं विचारतात "तुम्ही पूर्ण वाचलंय का?" आणि नसेल वाचलं तर तिथेच संपलं.

तिसरं, पाळकांना किंवा फादरांना सांगून जा. कधी, कुठे, कोणाबरोबर, हे त्यांना माहीत पाहिजे. एकटं कोणी जायचं नाही, दोघं जायचं, आणि शक्यतो एक ताई एक दादा असं जा म्हणजे मुलींशी ताई बोलेल.

अठराच्या आतल्यांसाठी वेगळे नियम, यात सूट नाही

हे मी जरा जास्तच सांगणार आहे कारण नवीन लोक उत्साहात इथेच चुकतात. अठरा पूर्ण नाही तो कायद्याने अल्पवयीन आहे, बारावीचा पोरगा तुमच्यापेक्षा उंच असला तरी. त्याच्याशी बोलायचं ते उघड्यावर, चार लोकांत, त्याच्या मित्रांसमोर. बाजूला न्यायचं नाही, गाडीवर बसवायचं नाही, घरी बोलवायचं नाही. त्याचा नंबर मागायचा नाही, इन्स्टावर मेसेज करायचा नाही, फोटो आणि रील तर अजिबात नाही. त्याला पुढे अजून ऐकायचं असेल तर एकच वाक्य: "घरी आईबाबांना सांग, ते हो म्हणाले तर त्यांना घेऊन रविवारी चर्चला ये." आणि "घरी सांगू नको" हे वाक्य आपल्या तोंडून कधीच, कुठल्याही कारणाने निघता कामा नये. जी गोष्ट आईबापापासून लपवावी लागते ती सुवार्ता कशी असेल.

आपल्याच भागातलं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ज्या आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यांच्यावर त्या बातमीनं आभाळ कोसळलं, नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून, स्वतःच्या मनानं ख्रिस्त स्वीकारला. टिळक तेव्हा तिशी ओलांडलेले, पंडित माणूस, तरी घराची एवढी उलथापालथ झाली. मग सोळा वर्षाच्या पोराला घरच्यांच्या विरोधात उभं करणं म्हणजे काय ते विचार करा.

आणि काहीही द्यायचं नाही. टी-शर्ट नाही, पिझ्झा नाही, फीला मदत नाही. गरजू पोराला मदत करायची तर मंडळीतून त्याच्या पालकांमार्फत करा आणि तिथे विश्वासाचा विषय काढू नका. गप्पा मारता मारता मिसळ खायला बसलात तर टीटीएमएम.

कायद्याचं थोडक्यात

संविधानाच्या कलम २५ मध्ये आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा. आपण सांगायला जातोय, बाकी काही नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मुद्दाम अपमान करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. माईक लावायचा, टेबल मांडायचं, तर पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी लागते, आणि शहरात अधूनमधून जमावबंदीचा आदेश असतो, सणांच्या आणि निवडणुकीच्या आसपास तर पेपर बघूनच निघा. मंडळीतल्या एखाद्या वकिलाला एकदा बसवून राज्यात सध्या काय नियम लागू आहेत ते सगळ्यांनी ऐकून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवर जाऊ नका.

अजून एक, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. आजार बरा होईल, नीटला नंबर लागेल, असलं आश्वासन द्यायचं नाही. प्रार्थना करतो म्हणा, पण "गोळ्या बंद कर" हे शब्द कोणाच्याही बाबतीत नकोत. पोरांना डॉ. दाभोलकर माहीत असतात, त्यांची पुस्तकं घरात असतात, आणि चमत्काराचा बाजार मांडणाऱ्याला ती पोरं उभं करणार नाहीत, बरोबरच आहे त्यांचं.

जागा कुठली

रामकुंड, काळाराम मंदिर, गोदाघाट, त्र्यंबकेश्वरचा रस्ता, इथे जायचं नाही. तिथे लोक स्वतःच्या श्रद्धेनं आलेले असतात, त्यांच्या दारात जाऊन आपलं सांगणं हे उद्धटपणाचं आहे, मग कायदा काहीही म्हणो. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत तर अजिबात नाही. कॉलेजच्या गेटच्या आत नाही, क्लासच्या दारात नाही, अभ्यासिकेत नाही. मॉल ही खाजगी जागा असते, तिथला सिक्युरिटीवाला उठा म्हणाला की उठायचं.

मग राहिलं काय? खूप राहिलं. गोल्फ क्लब मैदान संध्याकाळी, कॉलेज रोडचे कट्टे, गंगापूर रोडच्या चहाच्या टपऱ्या, सोमेश्वर, रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. पण मी सांगेन की नवीन ठिकाणी सुवार्ता सांगायला म्हणून जाऊच नका, तुम्ही जिथे आधीपासून खेळता, पळता, चहा पिता तिथेच बोला. रोज दिसणाऱ्या माणसाला पोरं वेगळं ऐकतात.

सुरुवात कशी करायची

पत्रिका हातात कोंबून नाही. "येशू तुझ्यावर प्रेम करतो" हे पहिलं वाक्य म्हणूनही नाही, खरं असलं तरी नाही, कारण अनोळखी माणसानं असं म्हटलं की पोरगी दोन पावलं मागे जाते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, जे सांगितलंय ते नीट वाचलं तर कळेल की तिथे समोरचा विचारतो आणि आपण उत्तर द्यायचं, तेही सौम्यपणे आणि आदरानं. म्हणजे आधी विचारण्यासारखं काही दिसलं पाहिजे. गळ्यातला क्रॉस बघून विचारतात, रविवारी मॅचला का नव्हतास म्हणून विचारतात, उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मटण का खात नाहीस विचारतात. तेव्हा चर्चला गेलो होतो म्हणा आणि थांबा. पुढचा प्रश्न आला तर पुढे जा. नाही आला तर क्रिकेटवर बोला, त्यात काही वाया गेलं असं नाही.

टिळकांचंच बघा ना. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला, तो आधी संस्कृत कवितेवर बोलला, यांना काय आवडतं ते विचारलं, मग धर्माचा विषय निघाला आणि शेवटी त्यानं नवा करार दिला. पुढे टिळक वाचत वाचत मत्तयाच्या पाचव्या अध्यायापर्यंत, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. कविता माहीत असलेल्या माणसाशी तो कवितेवर बोलला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाशिककरांसाठी अजून एक चांगला विषय म्हणजे शरणपूर रोड. सगळे तिथून रोज जातात पण शरणपूर काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनं ती वस्ती वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली. त्यातलाच नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह हजार मैलांहून जास्त वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांतही होता. हे ऐकून पोरं गुगल करतात, आणि मग स्वतःच विचारतात की मिशनरी चांगले होते की ब्रिटिशांचे हस्तक होते. इथून खरी चर्चा सुरू होते.

प्रश्न येतील ते हे

"तुम्हाला किती पैसे मिळतात?" चिडू नका. मिळत नाहीत म्हणा, तुम्ही काय नोकरी करता ते सांगा. पगारी सेवक असाल तर तेही सांगा.

"हा परदेशी धर्म आहे." येशू पश्चिम आशियातला, युरोपातला नाही. केरळात संत थोमाची परंपरा इसवी सन ५२ पर्यंत मागे नेतात. मराठीत म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तावरचं ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. हे सांगा, पण त्याच दमात हेही सांगा की त्याच गोव्यात १५६० पासून पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, चालू होतं आणि त्यात माणसांवर भयंकर अन्याय झाला. पोरगं ते काढणारच आहे. त्यानं काढायच्या आधी तुम्ही सांगितलंत तर तो पुढचं ऐकेल.

"विज्ञानाचं काय?" बिग बँगची कल्पना १९३१ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, आणि बारावीच्या बायोलॉजीत ज्याचे वाटाणे येतात तो मेंडेल मठात राहणारा साधू. यानं देव सिद्ध होत नाही, एवढंच की माणूस दोन्ही करू शकतो. उत्क्रांतीवर तुमचा अभ्यास नसेल तर वाद घालू नका, समोरचा नीटची तयारी करतोय हे विसरू नका.

"येशू खरंच होता का, बायबल बदललं नाही कशावरून?" टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकारानं, ज्याला ख्रिस्ती लोक आवडत नव्हते, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की ख्रिस्ताला पिलात या रोमन सुभेदारानं मृत्युदंड दिला. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत जुनी हस्तलिखितं सापडली, त्यातली बायबलमधल्या यशया या पुस्तकाची गुंडाळी तोवर हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी, आणि फरक आहेत पण मजकूर तोच. पुनरुत्थान, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला हे, मात्र असं पुराव्यानं हातात ठेवता येत नाही. तिथे "मी यावर विश्वास ठेवतो, आणि का ते सांगतो" असं म्हणा.

"ख्रिश्चन झालं की जातीचं सर्टिफिकेट जातं ना?" हा प्रश्न सिडको, सातपूर, नाशिकरोड, कुठेही येईल आणि नवीन लोक इथे गुळमुळीत बोलतात. सरळ सांगा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, पण आहे ते आहे, आणि ते लपवून कोणाला पुढे नेणं पाप आहे. काळाराम सत्याग्रहाच्या गावात, १९३० मध्ये बाबासाहेबांनी जिथे दार उघडा म्हणून लढा दिला तिथे, चर्चमध्ये जातिभेद नाही असंही बिनदिक्कत सांगू नका. आहे, काही ठिकाणी लग्न जमवताना अजून विचारतात. पौलाने गलतीकरांना लिहिलं की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही. आपण तिथे अजून पोचलो नाही, हे कबूल करा.

"माझ्या आजीनं आयुष्यभर रामाचं नाव घेतलं, ती नरकात गेली का?" सगळ्यात अवघड. इथे घाई करू नका आणि हसून टाळूही नका. मी असं म्हणतो की तुझ्या आजीचा न्याय करायला मला कोणी बसवलेलं नाही, देव न्यायी आणि दयाळू आहे असं मी मानतो आणि आजीला मी त्याच्याच हाती सोपवतो, मला फक्त येशूबद्दल जे कळलंय तेवढं सांगता येतं. तुमचे पाळक याचं उत्तर थोडं वेगळं देतील, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. पण आजीबद्दल वाईट शब्द नको.

आणि "देव आहे तर मग असं का होतं?" हा प्रश्न पोरं सहज विचारल्यासारखं दाखवतात, चहाचा कप हातात फिरवत, पण त्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी गेलेलं असतं. आपल्या शहरात २०२१ च्या एप्रिलमध्ये एका हॉस्पिटलात ऑक्सिजनची गळती झाली आणि श्वासासाठी झगडणारी माणसं मिनिटांत गेली, त्या घरांतली पोरं आज अकरावी-बारावीत आहेत, त्यातलं एखादं तुमच्या समोर बसलेलं असू शकतं. तेव्हा "देवाची योजना असते" हे वाक्य गिळून टाका. विचारा, "कोण गेलं?" आणि ऐका. तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. त्यानंतर, तो विचारेल तरच, सांगा की मेलेल्या लाजराच्या, त्याच्या मित्राच्या, कबरेपाशी येशू रडला, उठवणार होता तरी आधी रडला, आणि वधस्तंभावर त्यानंही देवाला विचारलं की तू मला का सोडलंस. उत्तर म्हणून नाही सांगायचं. देवाला जाब विचारणं हे बायबलच्या बाहेरचं नाही, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.

एक बारीक गोष्ट. कधी कधी एखादं पोरगं तुम्हाला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या घरच्या देवांची टिंगल करतं. त्यात हसू नका. "तुझ्या आईला ऐकून कसं वाटेल?" म्हणा आणि विषय बदला.

कधी थांबायचं

इअरफोन कानात गेला, नजर मोबाईलवर, "हो हो, बरोबर" सुरू झालं, की थांबा. "चल, निघतो, मस्त वाटलं बोलून" एवढंच. मागे जाऊन अजून एक मुद्दा सांगायचा नाही. नाही म्हणाली तर नाही, एकदाच.

कोणी मोठी माणसं येऊन आवाज चढवायला लागली तर वाद नको, व्हिडिओ काढणं नको, हात जोडून निघायचं. अडवलं, धक्काबुक्की झाली तर ११२ लावा आणि लगेच पाळकांना कळवा. पोरांच्या पालकांपैकी कोणी जाब विचारायला आलं तर मात्र पळू नका. बसा, काय बोललो ते शब्दन् शब्द सांगा, त्यांना चर्चचा पत्ता आणि पाळकांचं नाव द्या. त्यांचा हक्क आहे तो.

नंतर

उत्तर आलं नाही असा प्रश्न राहिला तर "शोधून सांगतो" म्हणा आणि खरंच शोधा, पुढच्या आठवड्यात त्याच वारी त्याच टपरीवर जा. तो नसेल तरी जा. बायबलमध्ये नथनेलानं येशूच्या गावाबद्दल, नासरेथमधून काही चांगलं निघेल का असं कुत्सितपणे विचारलं तेव्हा येशूचा शिष्य फिलिप्पानं भाषण दिलं नाही, येऊन बघ एवढंच म्हणाला. घरच्यांच्या परवानगीनं कोणी चर्चला आलंच तर त्याला पुढे बोलावून उभं करू नका, टाळ्या नकोत, मागच्या बाकावर बसू द्या, अर्ध्यातून उठला तरी चालेल. नवा करार वाचायला मागितला तर द्या, अठराच्या आतला असेल तर आईबाबांच्या हातात द्या.

सुरुवात डिसेंबरात करा. नाताळचे तारे लागलेले असतात, येशूजन्माचा गोठा केलेला असतो, पोरं स्वतःहून बघायला येतात आणि हे काय, ते कोण, असं विचारतात, आपल्याला विषय काढावाच लागत नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाल येशूच्या यात्रेला सगळ्या धर्माचे लोक येतात, त्यात परीक्षेसाठी प्रार्थना करायला आलेली पोरंही असतात, तिथे फक्त पाणी द्या, रांगेत मदत करा. बोर्डाची परीक्षा सुरू झाली की मार्चअखेरपर्यंत कट्ट्यावरचं हे बोलणं पूर्ण बंद. भेटलं कोणी तर पेपर कसा गेला तेवढं विचारा.